मूळची कुठली?

सदाशिव पेठेत नवीन राहायला आलात की पहिला प्रश्न ठरलेला. ‘मूळचे कुठले?’ नोकरी, पॅकेज वगैरे नंतर. मोठी माणसं हसून वेळ मारून नेतात. वीकेंडला गावी पळतात, नाहीतर ऑफिसच्या ग्रुपबरोबर कुठेतरी कॉफी प्यायला जातात. पण सात वर्षांच्या मुलीनं काय करायचं? तिला ना ग्रुप, ना गावाचं तिकीट!

आमच्या बिल्डिंगमध्ये जूनमध्ये असंच एक कुटुंब आलं. रायपूरचं. आईबाबा दोघंही आयटीत. मुलीला मराठी समजतं, पण बोलायला गेली की ‘माझं पुस्तक’चं ‘माझी पुस्तक’ होतं आणि खालची पोरं खी खी हसतात. मग ही जिन्यात वही घेऊन बसते. गच्चीवरच्या टाकीत राहणाऱ्या मगरीची गोष्ट लिहिते, चित्रांसकट. आईबाबांना टेन्शन. स्पोकन मराठीचा क्लास लावावा की पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा, असं परवा मला विचारत होते.

मी त्यांना सई परांजपेंची गोष्ट सांगितली.

हो, त्याच ‘कथा’ आणि ‘चष्मे बद्दूर’वाल्या. जन्म 1938 चा, लखनौचा. वडील रशियन, आई शकुंतला परांजपे. आईवडील लवकरच वेगळे झाले आणि सई वाढली ती आईबरोबर, आजोबांच्या म्हणजे रँग्लर परांजपेंच्या छायेत. त्या काळात रशियन बापाची, घटस्फोटित आईची पोर! आई र. धों. कर्व्यांबरोबर संततिनियमनाचं काम करणारी. लोकांना कुजबुजायला आणखी काय लागतं? त्यात 1944 मध्ये आजोबा भारताचे हायकमिशनर म्हणून ऑस्ट्रेलियाला गेले आणि सईची काही वर्षं कॅनबेरात गेली. म्हणजे तिकडे इंडियन आणि इकडे अर्धी रशियन. ‘मूळची कुठली’चं उत्तर द्यायचं तरी काय?

या मुलीचं वयाच्या आठव्या वर्षी पुस्तक आलं. ‘मुलांचा मेवा’. परीकथांचं आणि चक्क मराठीत!

हे काही आपोआप झालं नाही. पुण्यात फर्ग्युसनच्या टेकडीवर त्यांच्या नात्यातले सिनेदिग्दर्शक अच्युत रानडे राहायचे. छोटी सई चालत त्यांच्याकडे जायची आणि ते पटकथा ऐकवावी तशा तिला गोष्टी सांगायचे. पुढे सई पुणे आकाशवाणीवर निवेदिका झाल्या, तिथेही मुलांच्या कार्यक्रमात रमल्या. मग नाटकं, मग सिनेमे. 1981 चा ‘चष्मे बद्दूर’ पुन्हा बघा. दिल्लीतली भाड्याची खोली, तीन पोरं आणि सततची उधारी... आमच्या पेठेत कॉट बेसिसवर राहिलेल्या कुणालाही ती खोली स्वतःचीच वाटेल.

आता तुम्ही म्हणाल, ‘आजोबा रँग्लर, नात्यात डायरेक्टर. आमच्याकडे कुठे?’ मान्य. आठव्या वर्षी पुस्तक छापून यायला घरचं वातावरण लागतंच. पण टेकडीवरच्या गोष्टींना रँग्लर लागत नाही. एक मोठा माणूस लागतो आणि त्याचा अर्धा तास. तो कुठल्याही क्लासच्या फीमध्ये मिळत नाही, बॉस!

आणि एक लक्षात घ्या. व्याकरण सुधारलं म्हणजे पोरं खेळायला घेतातच असं नाही. पण टाकीत मगर आहे म्हटल्यावर वर डोकावून बघायला कोण येणार नाही? गोष्ट ज्याची, त्याच्याकडे यावंच लागतं. बोलताना चुकलेली ‘माझी पुस्तक’ तिथे कुणी मोजत बसत नाही.

म्हणून त्या आईबाबांना म्हटलं, क्लास खुशाल लावा, पण आधी मगर काय खाते ते तिला विचारा. मोबाईल बाजूला ठेवून. आणि तुमच्या बिल्डिंगच्या जिन्यातही अशी कुणी वही घेऊन बसलेली दिसली, तर ‘मूळची कुठली?’ राहू दे. ‘पुढे काय झालं?’ एवढं विचारून बघा.