विश्लेषण : फॉल्सेटो म्हणजे ‘खोटा’ आवाज? वरच्या सुराला गळा का फाटतो?

कराओके क्लबमधले दृश्य ठरलेले असते. ट्रॅक मूळ पट्टीतला, गायक हौशी. मुखडा छान जमतो आणि अंतऱ्यातला वरचा सूर आला की मानेच्या शिरा फुगतात. मग एक तर सूर ओढूनताणून लागतो, नाही तर आवाज फाटतो. यातून सुटण्याचा आणखी एक मार्ग आहे, फॉल्सेटो. पण आपल्याकडे त्याला ‘खोटा आवाज’, ‘चोरटा आवाज’ म्हणून मोडीत काढले जाते आणि त्याची किंमत गळा मोजतो.

गळ्यात नेमके काय घडते?

स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. त्यांच्यावर प्रामुख्याने दोन स्नायूंचा ताबा चालतो. एक स्नायू तंतूंच्या आतच असतो. तो त्यांना आखूड आणि जाड करतो. दुसरा बाहेरून ताणून त्यांना लांब आणि पातळ करतो. बोलताना किंवा खालच्या पट्टीत गाताना पहिल्याचा जोर असतो. तंतू जाडीनिशी एकमेकांवर आपटतात, दर कंपनाला पूर्ण मिटतात आणि आवाजाला वजन येते. फॉल्सेटोत पहिला स्नायू जवळपास सैल पडतो आणि तंतूंच्या फक्त पातळ कडा थरथरतात. मध्ये बारीक फट राहते, थोडी हवा निसटते, म्हणून हा आवाज बासरीसारखा हलका लागतो. तंतू तेच, चालवण्याची पद्धत वेगळी. यात खोटे काही नाही. नाव मात्र इटालियनमधल्या ‘खोटा’ याच अर्थाच्या शब्दावरून पडले आणि चिकटले.

स्पॅनिश गानगुरू मॅन्युएल गार्सिया यांनी १८५४ मध्ये आरशाच्या साह्याने स्वतःच्याच स्वरतंतूंची हालचाल पाहिली. म्हणजे गळ्यात डोकावण्याची आजची पद्धत रुजवण्यात एका गाणे शिकवणाऱ्याचा मोठा वाटा आहे. आपल्या बहुतेक गायनवर्गांत मात्र आजही स्वरयंत्राचे साधे चित्रसुद्धा दिसत नाही.

सांधा कुठे येतो?

काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा आवाज साधारणपणे तार षड्जाच्या पुढे, गंधार-मध्यमाच्या आसपास बदलू पाहतो. काळी चारमध्ये गाणाऱ्या स्त्रीला हाच सांधा मध्य सप्तकातच, पंचम-धैवताजवळ भेटतो. माणसागणिक यात फरक पडतो. या जागी पहिल्या गिअरमध्येच गाडी दामटली, तर काय होते? काळी एकचा तार गंधार म्हणजे सेकंदाला सुमारे ३५० कंपने. मिनिटभरात जाड तंतू २१ हजार वेळा एकमेकांवर आदळतात, तेही पूर्ण जोराने. हे रोज, चुकीच्या ताणाने होत राहिले तर तंतूंवर गाठी येऊ शकतात.

किशोरकुमार यांचे यॉडलिंग आठवून पाहा. आल्प्सच्या डोंगराळ भागातल्या या गायकीत छातीचा आवाज आणि फॉल्सेटो यांच्यात झटक्याने उडी मारली जाते. इतर गायक जो सांधा लपवतात, तोच इथे मुद्दाम वाजवला जातो. १९६२ च्या ‘हाफ तिकीट’मधल्या एका द्वंद्वगीतात तर पुरुष आणि स्त्री असे दोन्ही आवाज त्यांनीच दिले. त्याला कुणी खोटे गाणे म्हटले नाही!

रियाज कसा करायचा?

सुरुवात वरून करावी. ‘ऊ’ हा स्वर हलक्या फॉल्सेटोत धरून मींड घेत सावकाश खाली यायचे. सांध्याजवळ आवाज अडखळेल, अडखळू द्यायचा. जोर लावून तो झाकायला गेले की जुनी सवय परत येते. लहान मुले गाडीचा आवाज काढतात तशी ओठांची फुर्र करत खालून वर आणि वरून खाली घसरणे, हाही उत्तम व्यायाम. स्ट्रॉमधून सूर काढण्याचा प्रकार अमेरिकी ध्वनिशास्त्रज्ञ इंगो टिट्झे यांनी लोकप्रिय केला. तोंडाकडची वाट अरुंद झाली की मागे तयार होणारा दाब तंतूंचा मार कमी करतो. पुढचा टप्पा अवघड आहे: सांध्यावरचा एकच सूर फॉल्सेटोत हळू सुरू करून न तुटता भरीव करायचा आणि पुन्हा हलका करायचा. याला महिने लागतात. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत.

हिंदुस्थानी गायकीला तिन्ही सप्तकांत खुला, एकसारखा आवाज हवा असतो आणि ती अपेक्षा रास्तच आहे. ख्यालात फॉल्सेटो घुसवा, असे कुणी म्हणत नाही. पण मैफलीत न वापरण्याची गोष्ट रियाजातही निषिद्ध का असावी? खर्ज तरी मैफलीत कितीसा गायला जातो? तो साधतात तो आवाज घडवण्यासाठी. सर्वाधिक नुकसान होते ते आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलांचे. त्यांना ‘आता वर्षभर गाऊ नकोस’ असे सांगितले जाते किंवा जुन्याच पट्टीत रेटले जाते. पट्टी उतरवून, दोन्ही आवाजांची हलकी ओळख करून देत त्यांना गाते ठेवता येते. अनेकजण याच वर्षांत गाणे कायमचे सोडतात.

दुखले की थांबायचे, ही अट सर्वांनाच लागू. गाऊन झाल्यावर बोलण्याचा आवाज बसत असेल, तर व्यायाम चुकतो आहे. घसा दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर हळद-दुधावर न थांबता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू तपासून घ्यावेत.