दोरीवरची ब्रा आणि वसतिगृहाची अब्रू

पदवीला असताना मी ज्या मुलींच्या वसतिगृहात राहायचे, तिथे भिंतीवर सूचना होती : आतले कपडे उघड्यावर वाळत घालू नयेत. गच्ची होती, दोऱ्या होत्या, वाराही होता. आमच्या ब्रा मात्र खोलीत, खाटेच्या दांडीवर, ओढणीखाली. दोन-दोन दिवस वाळायच्या नाहीत. सकाळी लेक्चर असायचं, म्हणून दमट ब्रा तशीच चढवायची. पावसाळ्यात छातीखाली लाल चट्टे आणि खाज. डॉक्टरला सांगायची लाज, आणि फीला पैसेही नसायचे.

ब्रा कशी जपावी याचे सल्ले पुष्कळ मिळतात. जाळीची पिशवी घ्या, खास लिक्विड घ्या, पाच-सहा ब्रा आलटूनपालटून वापरा. जिच्याकडे दोनच आहेत आणि तिसरी शिष्यवृत्तीचा हप्ता आल्यावर घ्यायची आहे, तिने काय करायचं?

म्हणून साधं सांगते. ब्राचा जीव इलॅस्टिकमध्ये असतो. गरम पाणी, ब्लीच आणि पिळणं, या तिन्हींनी तो जातो. हुक लावा, गार पाण्यात थोडी पावडर टाकून दहा-पंधरा मिनिटं भिजवा, हाताने हलकं दाबून धुवा, ब्रश लावू नका. न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा. पट्ट्याने टांगू नका, पाण्याच्या वजनाने पट्टे सैल पडतात. दोन कपांमधला भाग दोरीवर टाका. कडक ऊन टाळा, वारा मात्र हवाच. यासाठी वेगळं काही विकत आणावं लागत नाही. लागतो तो वारा, आणि नेमका तोच आम्हाला नाकारला गेला.

का? तर म्हणे 'चांगल्या घरच्या मुली' असं करत नाहीत. हे चांगलं घर कोणाचं? त्रावणकोरमध्ये नाडार स्त्रियांनी छाती झाकली, तर वरच्या जातींचे लोक भर बाजारात त्यांचं वस्त्र फाडत. अनेक दशकं झगडल्यावर १८५९ मध्ये राजाला परवानगीचा जाहीरनामा काढावा लागला. त्यातही अट होतीच : सवर्ण स्त्रियांसारखं वस्त्र घ्यायचं नाही. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायकांना जातीची खूण सांगणारं नेसणं आणि दागिने सोडायला सांगितलं. आपल्या बाईने काय घालायचं, काय झाकायचं, हे दुसऱ्यांनी ठरवायचं, ही रीत जुनी आहे. तेव्हा झाकणं हा गुन्हा होता, आता झाकणारं कापड दिसणं हा गुन्हा आहे.

कोणी म्हणेल, आपल्या घरातही आई हेच सांगते. सांगते. गावात आपल्या बायकांकडे कोणत्या नजरेने पाहतात, हे तिने भोगलंय. लपवणं ही तिची ढाल होती. तिला मी दोष देणार नाही. पण शिकून आपण जिथे पोचलो, त्या वसतिगृहाने त्याच भीतीचा नियम करून भिंतीवर चिकटवावा, हे चालवून घ्यायचं नाही.

मैत्रिणींनो, वॉर्डनकडे लेखी अर्ज द्या, सगळ्यांच्या सह्यांनिशी. मागणी एकच : गच्चीवर, सावलीत, आमच्या सगळ्या कपड्यांसाठी दोरी. आणि आज ब्रा धुतलीत, तर वरची ओढणी काढा. लाज आपली नाही. आपली आहे ती ब्रा, स्वतःच्या पैशाने घेतलेली.