प्रश्न आकाराचा नव्हे, दाराचा

मोठे सार्वजनिक विद्यापीठ की छोटे महाविद्यालय, हा वाद अमेरिकेत जुना आहे. एकीकडे विषयांची विपुलता, दुसरीकडे गुरुशिष्यांचा निकट सहवास. पण खरा प्रश्न, दार कोणासाठी उघडे, हा आहे. न्यूयॉर्कचे सिटी कॉलेज १८४७ पासून विनाशुल्क होते. १९६९च्या विद्यार्थी-आंदोलनानंतर, १९७० मध्ये, कृष्णवर्णीय व प्वेर्तो रिकन मुलांना ते मोठ्या प्रमाणावर खुले झाले. आणि १९७६ मध्ये, शहराच्या आर्थिक अरिष्टात, तेथे शुल्क लादले गेले. गरीब आत येताच शिक्षण महाग व्हावे, हा निव्वळ योगायोग कसा मानावा? केंटकीतील छोटे बेरिया कॉलेज मात्र १८९२ पासून शिक्षणशुल्क घेत नाही. विद्यार्थी तेथे श्रम करतात. ते आदरणीयच, परंतु एक बेरिया लाखोंना सामावू शकत नाही. म्हणून लढा सार्वजनिक विद्यापीठाच्या मोफत दारासाठीच हवा.