पट्टी कुणाची?

चौदा एप्रिलला आपलं पथक स्टेजवर उभं राहतं तेव्हा पुढं कोण असतं आणि मागं कोण, हे एकदा मोजा. मी मोजलंय. सहा वर्षं मी कॉलेजच्या पोरापोरींचं गाणपथक चालवतोय. गाणी सगळी समतेची. आणि सतरा-अठरा जणांच्या त्या ओळीत मी माझ्या हातानं जी उतरंड रचली, तिच्याबद्दल हे लिहितोय. कुणाला राग येईल. येऊ द्या.

आमची तालीम होस्टेलच्या गच्चीवर, रात्री मेस आटोपल्यावर. एक पेटी, तिचा एक सूर बसलेला. एक ढोलकी. आणि एक हलगी. ही हलगी आली कशी ते ऐका. बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा एक पोरगा आला. म्हणाला, "दादा, मला गायचंय. आवाज आहे मला." मी त्याला आडनाव विचारलं. गाव विचारलं. पोरगा मातंग समाजातला आहे हे ध्यानात आलं आणि म्हणालो, "घरी हलगी असेल ना रे? येताना घेऊन ये."

त्याचा आवाज मी ऐकलाच नाही. ज्याच्या पुस्तकाची महाडला 1927 साली होळी झाली, त्या मनूला याहून जास्त काय करावं लागलं असतं? त्यानंही जन्म विचारला आणि काम ठरवलं. मीही तेच केलं. फक्त माझ्या गळ्यात निळा रुमाल होता.

पोरानं हलगी आणली. दोन वर्षं वाजवली. रद्दी पेटवायचा, कातडं शेकायचा, बोटानं टिचकी मारून बघायचा आणि मग असा कडकडाट काढायचा की खालच्या मजल्यावरची पोरं वर यायची. आम्ही म्हणायचो, काय वाजवतो राव! फोटो काढायचो. माईक मात्र त्याला एकदाही दिला नाही. तिसऱ्या वर्षी, गॅदरिंगला आठ दिवस असताना, त्यानं हलगी गच्चीच्या कठड्याला टेकवून ठेवली. म्हणाला, "दादा, माझा बाप पोळ्याला वाजवतो, लग्नात वाजवतो, मयताला वाजवतो. वाजवून झालं की त्याला पायरीखाली उभा करत्यात. मला वाटलं, शहरात आलो तर हे सुटंल. तुम्ही बी तेच हातात दिलं."

मी पाठ केलेलं भाषण काढलं. अरे, हे आपलं वाद्य आहे, विद्रोहाचं वाद्य आहे. तो म्हणाला, "मग तुम्ही वाजवा की."

मला उत्तर सुचलं नाही.

आता थोडं मागं जाऊ. महाडला 1927 साली बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेली गुरं ओढणं सोडा, मेल्या जनावराचं मांस खाणं सोडा. 1928 साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यावर बिल आणलं, कारण वतन म्हणजे गावानं गळ्यात बांधलेलं दावं होतं. आपल्या आज्या-पणज्यांनी मार खाल्ला, बहिष्कार सोसले, पण गावकीची कामं सोडली. बरोबर केलं. पण आपण सोडलेलं ओझं दुसऱ्याच्या पोराच्या हातात देऊन त्याला 'लोककला' म्हणायचा हक्क आपल्याला कुणी दिला? पाटील त्याला वतन म्हणायचा. आपण वारसा म्हणतो. वाजवणारा माणूस तोच.

एक ऑगस्टला अण्णाभाऊ साठ्यांच्या फोटोला हार घालतो आपण. 1944 साली अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढणारे अण्णाभाऊ. 2 मार्च 1958 ला पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन करणारे अण्णाभाऊ. त्यांना कुणी म्हणालं असतं का, तुम्ही मागं उभं राहून नुसतं वाजवा, शब्द आमचे आम्ही बघतो? आमच्या पोराला मी तेच म्हणत होतो, आणि भिंतीवर अण्णाभाऊंचा फोटो होता.

पोरींचं सांगतो. सात पोरी पथकात. सगळ्या झील धरायला. का? तर पोरींचा आवाज पडतो, मागं ऐकू येत नाही, असं आमचं ठाम मत. एका पोरीनं एक दिवस पेटीपाशी येऊन विचारलं, "दादा, आपण कुठल्या पट्टीत गातो?" म्हणालो, काळी एक. का? तर आमचा पुढचा गाणारा त्या पट्टीत गातो. ती म्हणाली, "त्याची पट्टी आम्हाला खाली जाते. तिथं आमचा आवाज निघणारच नाही. काळी चार धरून बघा." धरली. आणि त्या पोरीनं तेच गाणं असं उचललं की पुढचा गाणारा गप्प बसला. त्या पट्टीत आता त्याचा गळा चिरकत होता.

सहा वर्षं आम्ही पट्टी पुरुषाची लावत होतो आणि बोल पोरींच्या गळ्याला लावत होतो. जलशांनी तमाशातली गणेशाची स्तुती काढून टाकली, गवळण काढली, साचाच बदलला. फार मोठं काम. भीमराव कर्डकांचं नाव त्यासाठी घेतलंच पाहिजे. पण बहुतेक जलशांत बाईचं काम पुरुषच लुगडं नेसून करायचे, हेही खरं. त्यांच्या काळात घरची पोर स्टेजवर आणणं अवघड होतं. आपल्याला कसली अडचण आहे? पेटीवरचं बोट थोडं उजवीकडं न्यायला काय क्रांती लागते?

बाहेर मात्र आम्ही शूर. एका वर्षी कॉलेजच्या सांस्कृतिक कमिटीनं समूहगीताला विषय दिला, 'सामाजिक न्याय'. गाणं लिहून दिलं तर एक प्राध्यापक म्हणाले, सुंदर आहे, फक्त 'जात' हा शब्द तेवढा काढा, वातावरण बिघडतं. विषय सामाजिक न्याय, आणि जात म्हणायची नाही! आम्ही म्हणालो, गाणार नाही. गेटवर उभं राहून तेच गाणं म्हटलं. पोरांनी खांद्यावर घेतलं. त्या दिवशीही हलगी तोच पोरगा वाजवत होता आणि पोरी मागच्या ओळीत होत्या. कमिटीशी भांडणं सोपं असतं हो. ती समोर असते.

काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, गाण्याबिण्याचं काय एवढं, मोर्चा महत्त्वाचा, माणसं जमेपर्यंत पाच मिनिटं वाजवा. त्यांना मी दोन सालं सांगतो. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबारात 10 माणसं मेली. ते पाहून चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी स्वतःला संपवलं. 2011 साली पुण्याच्या कबीर कला मंचाच्या गाणाऱ्या पोरांना यूएपीए लावून धरलं. सरकारला गाण्याची किंमत बरोबर कळते. आपल्याला कळत नाही, म्हणून डीजेला वर्गणी निघते आणि पेटीच्या बसलेल्या सुराला निघत नाही.

तर पुढं काय झालं ते सांगतो. बैठक घेतली. ठरलं असं की हलगी पाळीपाळीनं सगळ्यांनी शिकायची, सगळ्यांनी वाजवायची. झील पण पाळीनं, म्हणजे पुढचा गाणाराही मागच्या ओळीत जाईल. आणि पट्टी ज्याचं गाणं त्याची.

बैठकीतून दोन पोरं उठून गेली. आमच्याच समाजाची, बौद्ध, घोषणा द्यायला सगळ्यात पुढं असणारी. म्हणाली, "दादा, आम्ही हलगी वाजवायची? घरी कळलं तर काय म्हणतील? बाबासाहेबांनी सोडायला सांगितलं ना हे?" मी म्हणालो, सांगितलं. मग दोन वर्षं त्याच्या हातात ती होती तेव्हा तुम्हाला बाबासाहेब का आठवले नाहीत? त्यांनी चपला घातल्या. अजून आलेली नाहीत. त्यांच्या खोल्यांवर मी तीनदा जाऊन आलोय, चौथ्यांदा जाणार आहे.

तो पोरगा महिनाभर फिरकला नाही. मग आला. गायला. आवाज आहे त्याला, थोडा नाकातला, पण वरच्या सुरावर हलत नाही. हलगीकडं त्यानं बघितलंही नाही, आणि कुणी त्याला बघायला सांगितलं नाही. ती माझ्या खोलीत खुंटीला आहे. रोज रात्री अर्धा तास मी ती वाजवतो. डाव्या हाताची काडी अजून तालात पडत नाही. शेजारच्या खोलीतली पोरं भिंतीवर बुक्क्या मारतात.