शेजाऱ्यांशिवाय आपली कहाणी अर्धीच

इस्राएलच्या शाळांत बार मित्स्वाच्या वयाची मुले 'शोराशिम' प्रकल्प करतात. आपली मुले वंशवृक्ष काढतात, आजोबांच्या आलियाचे वर्ष लिहितात, मलिद्याच्या ताटाचा फोटो चिकटवतात. छानच, पण माझ्या मते हे काम अर्धे आहे.

कोकणात आपल्याला 'शनिवार तेली' म्हणत. हे नाव शेजाऱ्यांनी दिले, कारण आपला घाणा शनिवारी बंद असे. म्हणजे आपल्या शब्बाथची साक्ष शेजाऱ्यांच्या शब्दात आहे. ते शेजारी आपल्या प्रकल्पांत कुठे आहेत?

पेणकर, रोहेकर, नागावकर, चेऊलकर या आडनावांतच गाव आहे. मुलांनी ते गाव घ्यावे आणि तिथल्या सगळ्या धर्मांची नोंद करावी. चौल घ्या. तिथे रामेश्वराचे देऊळ आहे, लगतच्या रेवदंड्यात आपले सिनेगॉग. खाडीपलीकडे कोर्लईला पोर्तुगीज वळणाची बोली बोलणारे कॅथलिक, आणि पुढे मुरुड-जंजिऱ्याला सिद्दी मुसलमान. हे सारे एका दिवसाच्या एसटी प्रवासातले. सणाला कोण कोणाच्या घरी जाई? आपल्या कबरींची देखभाल आता कोण करते? हे विचारायला हवे.

काही वडीलधारे म्हणतील, दुसऱ्यांच्या देवळांशी आपल्याला काय करायचे? हा संकोच मला समजतो. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इथे आपल्या यहुदीपणावरच शंका घेतली गेली. आंदोलन करावे लागले, तेव्हा १९६४ साली क्नेसेटने आपण सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. त्या दिवसांत हळद, मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या यांबद्दल कोणी जीभ आवरली असेल, तर त्यांना दोष कसा द्यावा? पण आता भिण्याचे कारण नाही. शेजाऱ्याचे देऊळ वहीत लिहिल्याने आपला शब्बाथ उणा होत नाही. देवळा-मशिदींच्या गावात तो कसा टिकला, हे उलट त्यातूनच कळते.

मुलांनो, कोणी, कधी, कुठे सांगितले ते लिहा. परवानगी घेऊन आवाज नोंदवा. दोघांनी वेगवेगळे सांगितले, तर दोन्ही ठेवा. जमल्यास गावातल्या शेजाऱ्यांनाही फोन करा.

हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ मध्ये पुरा केलेला बेने इस्राएलांचा इतिहास तेल अवीवला छापला गेला १९३७ मध्ये. हस्तलिखित चाळीस वर्षे थांबले. आजी-आजोबांच्या आठवणी इतक्या थांबणार नाहीत. येत्या सुट्टीत त्यांच्यापाशी वही घेऊन बसा.