तीरथगडाची वाट कोणी अडवली?

नायगारा पाहून आल्याचे कौतुकाने सांगणारे लोक पुण्या-मुंबईत गल्लोगल्ली भेटतात. बस्तरमधील तीरथगडचा धबधबा पाहिलेला माणूस मात्र शोधावा लागतो. छत्तीसगडमधील जगदलपूरपासून पस्तीस-चाळीस किलोमीटरांवर कांगेर खोऱ्याचे राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारे २०० चौरस किलोमीटरांचे हे अरण्य १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. तीरथगडला सुमारे ३०० फुटांवरून पाणी टप्प्याटप्प्याने दरीत झेपावते. जवळच शिवपार्वतीचे मंदिर आहे. कुटुमसरच्या गुहेत चिरंतन काळोखात जगणारे अंध मासे आहेत, तर कैलास गुहेत ठिबकत्या पाण्याने घडवलेल्या चुनखडीच्या आकृतींत भाविकांना शिवलिंगांचे दर्शन घडते.

एवढे वैभव असताना देशाने या खोऱ्याकडे पाठ का फिरवली? अंतराची सबब फसवी आहे. खरे कारण भय हेच होते. ज्या महामार्गावरून तीरथगडला वळावे लागते, त्याच महामार्गावर पुढे झीरम घाटी आहे. २५ मे २०१३ रोजी तेथे नक्षलवाद्यांनी काँग्रेसच्या परिवर्तन यात्रेवर हल्ला चढवला आणि सुमारे तीस जणांचे बळी घेतले. त्यांत महेंद्र कर्मा होते. कर्मा बस्तरच्या वनवासी समाजातूनच पुढे आलेले नेते. वनवासींच्या मुक्तीची भाषा करणाऱ्यांनी वनवासी नेत्यालाच मारले, ही विसंगती ज्यांना खटकली नाही, त्यांच्या संवेदनशीलतेला काय म्हणावे?

पहाडी मैना हा छत्तीसगडचा राज्यपक्षी. कांगेरच्या रानात तिचा अधिवास आहे. माणसाच्या आवाजाची ती हुबेहूब नक्कल करते आणि याच गुणापायी पिंजऱ्यात पडते. महानगरांतील तथाकथित पुरोगामी विचारवंतांनी वनवासी बांधवाची अशीच मैना केली. परिसंवादांतून तो बोलला, पण शब्द यांचे होते. शाळा उडवल्या गेल्या, रस्ते खणले गेले, खबऱ्या ठरवून गावकरी मारले गेले, तेव्हा हे बोलके पिंजरे मुके झाले.

बस्तरला अन्यायाविरुद्ध उभे राहायला कोणी बाहेरून शिकवण्याची गरज कधीच नव्हती. १९१० मध्ये इंग्रजांच्या जंगलविषयक जाचक धोरणाविरुद्ध येथे ‘भूमकाल’ पेटला. त्याचा नायक गुंडाधूर हा नेतानारचा धुरवा वीर. तो इंग्रजांच्या हाती कधीच लागला नाही. आपले अरण्य, आपली दैवते आणि आपली रीत राखण्यासाठी तो उठाव होता. १९८० च्या सुमारास आंध्रातून आलेल्या सशस्त्र तुकड्यांनी मात्र या भूमीवर परक्या पोथीचा प्रयोग मांडला. रामायणातील दंडकारण्याचे नावही त्यांनी आपल्या समितीला लावले. नाव श्रीरामाच्या वनवासाशी जोडलेले आणि निष्ठा माओवर!

आज हे चित्र पालटले आहे. माओवाद्यांचा सर्वोच्च नेता बसवराजू मे २०२५ मध्ये अबुझमाडमध्ये मारला गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपतीने आपल्या साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. आपले प्राण वेचून ही वाट मोकळी करणाऱ्या जवानांचे ऋण विसरता येणार नाही.

परंतु मोकळ्या वाटेवरून कोण जाणार? बाटल्या फोडणारी, प्लास्टिक फेकणारी, कर्कश गाण्यांनी रान हादरवणारी टोळकी गेली, तर बंदुकीच्या जागी बेफिकिरी आली एवढेच म्हणावे लागेल. बाहेरच्या धनिकांची हॉटेले उभी राहिली आणि गुंडाधूराचे वंशज त्यांत भांडी घासू लागले, तर वनवासी दुसऱ्यांदा हरेल. हा इशारा राष्ट्रवादाचा उच्चार करणाऱ्या सुशिक्षितांनी आधी स्वतःला द्यावा.

दुसरी वाट धुडमारासने दाखवली आहे. कांगेर नदीकाठच्या या धुरवा गावात पाहुणा घरात उतरतो, गावातल्या चुलीवरचे जेवतो आणि गावच्या तरुणांसोबत बांबूच्या तराफ्यातून नदी पाहतो. पैसा गावात राहतो आणि म्हणून रानही राहते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने २०२४ मध्ये आपल्या ग्राम-उन्नती कार्यक्रमासाठी जगभरातून निवडलेल्या २० गावांत धुडमारास होते. मार्च २०२५ मध्ये कांगेर खोऱ्याचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशांच्या सूचीत झाला. जगाने दखल घेतली. स्वदेशीयांनी ती केव्हा घ्यायची?

तीरथगडच्या नावातच तीर्थ आहे. तीर्थाला जाणारा यात्रेकरू तेथे घाण करत नाही, तेथल्या माणसाला चाकर समजत नाही आणि परतताना उपकाराची भाषा बोलत नाही. पावसाळा सरताच कांगेरच्या वाटेला लागणाऱ्याने एवढे तीनच नियम पाळावेत. बंदुकीने अडवलेली वाट जवानांनी मोकळी केली. ती पवित्र ठेवण्याचे कर्तव्य समाजाचे आहे, आणि त्यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.