चमचा नव्हे, वजन विचारा
तापाच्या बाटलीवर ‘पॅरासिटामॉल’ एवढेच वाचून भागत नाही. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम, ५ मिलीत २५० आणि थेंबांच्या बाटलीत तर १ मिलीतच १००, असे प्रकार एकाच दुकानात मिळतात. दहा किलोच्या मुलाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम पुरते. थेंबांचे औषध चमचाभर पाजले तर ५०० जाते, आणि वारंवार गेले तर यकृताला इजा होते. शिवथरच्या वाड्यांतून भर पावसात डॉक्टरांसाठी महाड गाठणे अवघड, मग अंदाजच बरा, असे कुणी म्हणेल. पण वजन अंगणवाडीत होतेच! ते बाटलीवर लिहा, डॉक्टरांकडून डोस मिलीत ठरवून घ्या, बिनसुईच्या सिरिंजने मोजा. तापावरचे दुसरे औषध, निमेसुलाइड, मात्र मुळीच नको. बारा वर्षांखालील मुलांसाठी त्यावर २०११पासून बंदी आहे.